सोनईचं आवतण घेऊन कळंबला

कळंबला निघालो असं सांगितलं की आमच्या गावातला जो तो मला चिंतामणीपुढं नारळ फोडून यायला सांगायचा. त्यांचंही चूक नव्हतं. आमच्या वणीकडच्या माणसाला कळंब म्हणजे यवतमाळजवळचं, गणपतीचं. सकाळी निघावं, दर्शन घ्यावं आणि दिवस मावळायच्या आत घरी यावं. मला जायचं होतं ते कळंब धाराशिव जिल्ह्यातलं, मांजरा नदीच्या बाजूचं, आणि तिथं मला भेटायची होती माझी आत्या. दोन-तीनदा खुलासा करून पाहिला, मग नाद सोडला आणि सगळ्यांना होकार देऊन टाकला.

काम आवतणाचं होतं. आमच्या सोनई नदीत यंदा पुन्हा जाळं टाकायचं ठरलं होतं, आणि त्या दिवशी आत्या आणि मामा दोघंही काठावर असावेत असं बाबांच्या मनात आलं. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो. मनात आलं खरं, पण फोन उचलून बोलायला बाबा तयार नव्हते. मलाच म्हणाले, "तू जा. तोंडानं सांग." बाबा आणि मामा यांच्यात मी दहावीत होतो तेव्हापासून बोलणं नव्हतं, आणि आता माझी पोरगी दहावीत आहे.

सोनई नकाशात शोधू नका. आम्ही तिला नदी म्हणतो, कचेरीतली माणसं नाला म्हणतात. आम्ही भोई, आमच्या घरात पोरगं चालायला लागलं की आधी पाण्यात सोडायची रीत. काठावर कोळशाची जुनी खाण होती, जमिनीखालची. तिथं मामा पंपावर नोकरीला. खाणीत पाणी सारखं झिरपतं, ते रात्रंदिवस उपसत राहावं लागतं. खाणीतला कोळसा संपला, खाण बंद झाली, पंप थांबवायचा हुकूम आला. त्या दिवशी पाळी मामांची होती, म्हणून बटण त्यांनी दाबलं.

पुढच्या पावसाळ्यांत खाण पाण्यानं भरत गेली आणि एक दिवस ते पाणी जुन्या तोंडातून बाहेर पडून सोनईत उतरलं. कोळशाच्या थरात गंधक असलेला एक दगड असतो. त्याला पाणी आणि हवा लागली की तेजाब तयार होतं आणि ते तेजाबी पाणी वाटेतलं लोखंड विरघळवत येतं. सोनई आधी पिवळी झाली, मग गेरूसारखी तांबडी. मासे उलटे होऊन तरंगले, झिंगे गेले, मागोमाग बेडूकसुद्धा गेले. बाबा भर चौकात मामांना म्हणाले, "माह्या बहिणीच्या नवऱ्यानंच माही नदी मारली." मामा उलटून काही बोलले नाहीत. थोड्याच दिवसांत त्यांनी आत्याला घेतलं आणि आपल्या गावाकडं, कळंबच्या शेतावर निघून गेले.

धाराशिव

लातूरहून रेल्वेनं संध्याकाळी धाराशिवला उतरलो. सरळ कळंबची एसटी धरायची सोडून इकडं का आलो, तर माझ्याजवळच्या पत्त्याच्या शेवटी 'धाराशिव' लिहिलेलं होतं आणि मी शेवटचा शब्दच नीट वाचला होता. त्यामुळं मुक्काम इथं पडला.

वाईट काही झालं नाही. गाव डोंगरपठारावर आहे, हवेत चांगला गारठा होता. खोली घेऊन बाहेर पडलो. कोर्टाच्या बाजूला टायपिंगची दुकानं बंद होत होती आणि चहाच्या टपऱ्यांवर काळे कोट अजून रेंगाळत होते. एका खानावळीत बसलो. ताटाएवढी पातळ ज्वारीची भाकरी आली, शेंगदाण्याची चटणी आली आणि मटकीची लालभडक उसळ. उसळ तोंड पोळणारी होती, म्हणून मी मालकाला म्हटलं, यावर थोडा सांबार टाका. मालकानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, आत गेला आणि इडलीसोबत असतो तो सांबार वाटीभर आणून माझ्या उसळीवर ओतला.

आमच्या विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हे मी त्याला सांगितल्यावर तो खुर्ची ओढून समोर बसला. मग शेंगदाण्याला आम्ही फल्ली म्हणतो आणि बटाट्याला आलू, हेही त्यानं माझ्याकडून काढून घेतलं आणि दर शब्दाला आतल्या बायकोला ऐकवलं. उसळ दुसरी दिली. पहिलीही मी खाल्लीच होती. सांबार घातलेली मटकी वाईट लागत नाही.

कळंब

सकाळच्या गाडीत माणसं जेमतेम होती. बाहेर पाहावं तर दोन्ही बाजूंना ज्वारी, कमरेच्या वर आलेली, आणि मध्येच हरभऱ्याचे हिरवे पट्टे. आमच्याकडं या दिवसांत रानं कापसानं पांढरी असतात. टेकड्यांवर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. दगडही वेगळा. आमच्या भागात पिवळा, पांढरा चुनखडीचा दगड. इथं सगळा काळा कातळ. सोनईवर दगडांचं काम करून करून माझी नजर हल्ली कुठंही गेली तरी आधी दगडावर जाते.

कळंबला उतरलो आणि घाबरलो. बाजाराचं गाव असं ऐकून होतो, पण एकही दुकान उघडं नव्हतं. रस्त्यावर कुत्री आणि मी. आडतीच्या दुकानांना कुलपं. एवढं मोठं गाव मुकाट बघून माझ्या मनात नाही नाही ते आलं. तेवढ्यात एक माणूस दुचाकीवर आला. दोन्ही पायांच्या मध्ये त्यानं फडकं बांधलेला माठ धरला होता. मी त्याला थांबवून विचारलं, गावात काही झालंय का. तो म्हणाला, "येळवस हाय आज. समदं गाव रानात. तुम्ही हितं काय करताव?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं हा सण नाही. या भागात आणि लातूरकडं त्या दिवशी गावंच्या गावं शेतावर जातात, उभ्या पिकाची पूजा करतात आणि तिथंच जेवतात. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की मामांचं नाव ऐकताच त्यानं मला मागं बसवलं आणि माठातली आंबील सांडू नये म्हणून बैलगाडीच्या चालीनं दुचाकी चालवत रानाकडं निघाला. वाटेत तीन शेतांतून लोकांनी आम्हाला हाका मारल्या. ओळख ना देख, जेवायला या म्हणून. एका ठिकाणी उतरावंच लागलं. आंबिलीचा पहिला पेला मी तिथं प्यालो. ज्वारीचं पीठ आंबवून ताकात केलेली, लसणाची, गारेगार. दुसरा पेला मीच मागितला.

मामांच्या शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप, म्हणजे खोपटी, केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले. आत्या कोपीच्या तोंडाशी बसून पानं वाढत होती. तिनं मान वर केली, मला ओळखायला तिला एक क्षण लागला आणि मग हातातली पळी तशीच घेऊन ती उठली. "पका? दादा बरा हाय ना?" तिनं आधी तेवढंच विचारलं. बाबा ठणठणीत आहेत म्हटल्यावर मग ती रडली, आणि रडता रडताच तिनं माझ्या पानात भज्जी वाढली.

ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. हरभऱ्याचा पाला, वाटाणे, तूर, शेंगा, गाजर, जे जे रानात हिरवं आहे ते सगळं बेसन आणि ताकात शिजवलेलं. सोबत बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे, म्हणजे उंडे, आणि गव्हाची खीर. आत्याची भाषाही त्या भज्जीसारखी झाली होती. एका वाक्यात आमच्याकडचं 'कामून' आणि पुढच्यात इकडचं 'लई'.

मामा थकले होते, पण ताठ होते. मी पाया पडलो, त्यांनी पाठीवर हात ठेवला, प्रवासाची चौकशी केली. कशासाठी आलास हे मात्र विचारलं नाही. सणाच्या पानावर कामाचं बोलायचं नाही, अशी त्यांची रीत दिसली. जेवणं झाली, आंबील पिकावर शिंपडून झाली, लोक कडब्याच्या पेंढ्यांना टेकून आडवे झाले, तेव्हा मी विषय काढला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. चार-पाच वर्षांपूर्वी नागपूरच्या एक अभियंता बाई आमच्याकडं आल्या आणि त्यांनी सोनई साफ होऊ शकते असं सांगितलं. खाणीच्या तोंडापासून एक लांब चर खणायचा आणि त्यात चुनखडीचे दगड भरायचे. त्यावरून वाहताना पाण्यातलं तेजाब मरतं. पुढं एकाखाली एक तळी, तिथं लोखंडाचा गाळ बसतो. शेवटी शेणखत आणि कडबा टाकून केलेली दलदल, त्यात पाणकणसं लावायची. ती उरलंसुरलं धरून ठेवते. दगड आमच्या भागात हवा तेवढा मिळतो. पहिल्या वर्षी आम्ही तोंडावर आपटलो. दगडांवर गंजाचा लेप चढला आणि पाणी होतं तसंच तांबडं खाली गेलं. गावानं आम्हाला नावं ठेवली. मग कळलं की दगड हातानं उलथत राहावे लागतात, घासावे लागतात. दर रविवारी पोरं-बाप्ये चरात उतरू लागलो. बाबा पहिल्या दिवशी काठावर बसून बघत होते, दुसऱ्या रविवारी धोतर खोचून आत आले. गेल्या पावसाळ्यानंतर दलदलीच्या खाली गोगलगायी दिसल्या. मग झिंगे. मग बोटाएवढे मासे. पाणी आणि मासे दोन्ही तपासून आणले, खायला हरकत नाही असं आलं, आणि मग जाळं टाकायचं ठरलं.

हे सगळं सांगून मी फोनवर काढलेली नदी दाखवली. आत्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. मामांनी लांबूनच पाहिलं.

"फोनात काय, कायबी दावता येतं," ते म्हणाले.

मी बाबांची बाजू सावरायला गेलो. तेव्हा ते रागाच्या भरात बोलले, मनात तसं नव्हतं, असं काहीतरी. मामांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुझ्या बाचं चुकलं न्हाय, प्रकाश. चुकलं असतं तर म्या तिथंच भांडलो असतो. पंप बंद केला की पाणी वर येनार, ह्ये मला ठावं व्हतं. सायबाला म्हणलोबी. साहेब म्हणला हुकूम हाय. मंग म्या बटन दाबलं. दुसऱ्या कुनी दाबलंच असतं. पर दाबलं म्या."

वर्गात मी तेजाब कसं तयार होतं ते फळ्यावर काढून दाखवतो, पण हा माणूस एवढी वर्षं ते पाणी मनात साठवून इथं ज्वारी पेरत होता, हे मला कोपीसमोर बसल्यावर कळलं. शेवटी आत्या बोलली. ती एकटी येणार नव्हती. माहेर दोघांचं तुटलं होतं, म्हणाली, जोडायचं तर दोघांचं. मामा उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

कळंब, दुसरा दिवस

सकाळी गावात इतकी गर्दी होती की कालचं गाव हेच का, असा प्रश्न पडला. हरभरा, सोयाबीन, तुरीची पोती, एसटीचे भोंगे. मामांच्या घरी अंगणात बसून मी काल उरलेली भज्जी खाल्ली. शिळी जास्त चांगली लागते असं आत्या म्हणाली होती आणि ते खरं होतं.

मी एक आगाऊपणा केला. कुणाला न विचारता बाबांना फोन लावला, मामा शेजारी बसलेत असं सांगितलं आणि फोन खाटेवर ठेवून आवाज मोठा केला. बाबा तसेही फोनवर ओरडूनच बोलतात. पण त्या दिवशी पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. आत्या चुलीपाशी होती, तिनं फुंकणी खाली ठेवली.

"जावाईबुवा," बाबा शेवटी म्हणाले, "पाणी पाहाले या. मी म्हंतो साफ झालं. सारं गाव म्हंते. पण त्या पाण्याले तुमच्याएवढं कोनी ओळखत नाही. तुमी म्हनसान तवा खरं."

मामांनी फोन हातात घेतला. कसा धरायचा ते न कळल्यासारखा तोंडापुढं आडवा धरला.

"वास कसा येतुया?" त्यांनी विचारलं.

"चिखलाचा," बाबा म्हणाले. "नुस्ता चिखलाचा येते."

मामा हसले. मी त्यांना हसताना त्या दोन दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. "तूर काढून झाली की येतो," म्हणाले, आणि फोन माझ्याकडं दिला. तूर दोन दिवसांत काढायची होती. मी थांबलो आणि काढू लागलो. माझी कामाची गती बघून मामांनी मला बांधावर बसून चहा द्यायचं काम दिलं.

तुळजापूर आणि तामलवाडी

जायच्या आधी आत्याला भवानीची ओटी भरायची होती आणि तामलवाडीच्या लेकीला भेटायचं होतं, म्हणून सोलापूरवरून गाडी धरायचं ठरलं. सामान बघून मी हात जोडले. ज्वारीचं पीठ, शेंगांची चटणी, येसराचा मसाला आणि दादाला आवडेल म्हणून एका कॅनमध्ये आंबील. आंबवलेली वस्तू, वर घट्ट झाकण आणि एसटीचे धक्के. धाराशिवच्या पुढं कुठंतरी झाकण उडालं आणि आंबिलीचा फवारा कंडक्टरच्या पाठीवर गेला. तो वळला तेव्हा तोंडाला येईल ते बोलणार असं मला वाटलं. त्यानं बाहीला लागलेलं बोट चाटलं आणि विचारलं, येळवशीची का? मग उरली होती ती त्याला पेलाभर द्यावी लागली. ड्रायव्हरनं तुळजापूरला घेतली.

तुळजापुरात आम्ही एका पुजाऱ्यांच्या घरी उतरलो. मामांच्या घराण्याचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे पुजारी. दर्शन झालं, जेवायला पुरणपोळी झाली. पुजाऱ्यांनी कुठं निघालात विचारलं तर मामांनी सरळ सांगितलं, मेव्हण्याची नदी बघायला. "नदी बघायला एवढ्या लांब?" ते म्हणाले. मामा म्हणाले, "तशीच हाय ती."

तामलवाडीला आतेबहिणीच्या शेतात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं खड्ड्यात गोवऱ्या पेटवून ज्वारीची कणसं भाजली, हातावर चोळून गरम हुरडा पुढ्यात टाकला. सोबत शेंगांची चटणी आणि गूळ. हुरडा आमच्याकडंही खातात, पण ही ज्वारी गोड होती, दाणा दाताखाली फुटला की दूध यायचं. आत्या आणि बहीण एकमेकींच्या कानाला लागून बोलत होत्या. मामा माझ्याशेजारी येऊन बसले आणि एकेक विचारू लागले. चर किती रुंद. उतार किती. जुन्या तोंडाजवळची चिंच आहे का. तळ्यातला गाळ काढून कुठं टाकता. मी सांगत गेलो. माझ्याकडं उत्तर नसलं की ते "बरं, बघू" म्हणायचे.

सोनई

बाबा वणीच्या स्टँडवर आले होते. मला घ्यायला ते आजवर कधी स्टँडवर आलेले नाहीत. आत्यानं त्यांच्या गळ्यात पडून घेतलं. मामा आणि बाबा एकमेकांसमोर उभे राहिले. मग बाबांनी मामांच्या हातातलं पिठाचं गाठोडं घेतलं, मामांनी ते सोडलं नाही, आणि दोघं एकच गाठोडं दोन बाजूंनी धरून रिक्षापर्यंत गेले.

सकाळी जाळं टाकायला सगळं गाव काठावर जमलं. मामा मात्र आधी वर, खाणीच्या तोंडाकडं गेले. बाबा त्यांच्या मागं, मी बाबांच्या मागं. पाणी तोंडातून बाहेर पडतं तिथं अजून तांबडंच आहे. ते पाहून मामांचा चेहरा उतरला. ते चराच्या कडेनं खाली चालू लागले. मध्येच वाकले, एक दगड उचलला, त्यावरचा गंज अंगठ्यानं खरवडला, ठेवला. पहिल्या तळ्याशी पाणी पिवळसर होतं. दुसऱ्याशी फिकं. दलदलीच्या खाली ते नदीला मिळतं तिथं मामा उकिडवे बसले, ओंजळ भरली, नाकाशी नेली. आम्ही दोघं मागं उभे होतो. त्यांनी पाणी तोंडावर मारलं.

"व्हय," ते म्हणाले. "पाणी झालं."

बाबांनी तोंड फिरवलं आणि मोठ्यानं ओरडून काठावरच्या लोकांना जाळं टाकायला सांगितलं.

फार काही लागलं नाही. ओंजळभर झिंगे आणि तळहाताएवढे थोडे मासे. मासे बाबांनी परत सोडून दिले, आधी वाढू दे म्हणाले. झिंगे आत्यानं येसर घालून रांधले. गावातल्या प्रत्येकाला चमचा-चमचा रस्सा आला, आणि विदर्भातल्या झिंग्यांना मराठवाड्याचा मसाला चालतो की नाही, यावर आमच्या ओट्यावर बराच खल झाला.

चार दिवसांनी मी आत्याला कळंबला पोचवून आलो. मामा मागं राहिले. चराच्या वरच्या टोकाचे दगड नीट उलथले जात नाहीत असं त्यांचं म्हणणं पडलं, तेवढं बघून येतो म्हणाले. तेव्हा ज्वारीला दाणा भरत होता. काल आत्याचा फोन आला, ज्वारी काढणीला आली, मामांना पाठव. मी निरोप घेऊन नदीवर गेलो. दोन म्हातारे गुडघाभर पाण्यात उभे होते आणि एक मोठा दगड कोणत्या बाजूनं उलथायचा यावरून भांडत होते. मी काठावरून निरोप सांगितला. मामांनी पहारीवरचा हात न काढता वर पाहिलं.

"तिला म्हणावं," ते म्हणाले, "ज्वारी काढ आन् तूच इकडं ये."